किनाऱ्यावरचं जुनं कपेल: खालचा गिलावा दर पावसाळ्यानंतर सुटतो, उपाय काय?

किनारी_बार्देस
गोव्यात बार्देसच्या किनाऱ्यावरचं छोटं कपेल, म्हणजे चर्चपेक्षा लहान प्रार्थनाघर. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), दोन फूट जाड. काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक इमल्शन मारलं. आता जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे सुटतात, मागे पांढरा लोणा (मिठाचा थर) आणि तांबडी भुकटी दिसते. ठेकेदार म्हणतो, वॉटरप्रूफ केमिकल मारून खाली टाइल्स लावू. काही जणांचं म्हणणं, ओल्ड गोव्याच्या बॉम जीझस चर्चसारखा चिरा उघडाच ठेवू, शोभून दिसेल. चुन्याने करायचं तर प्रमाण काय? फेस्त (कपेलाचा वार्षिक सण) जानेवारीत आहे, तोवर काम उरकेल का?

चिराचुना
टाइल्स अजिबात नकोत. जमिनीतली ओल चिऱ्यातून वर चढते आणि बरोबर मीठ आणते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर उडून जाते. सिमेंट आणि इमल्शन तिला अडवतात, मग मीठ गिलाव्याच्या पाठीमागे स्फटिक बनून साचतं आणि चिऱ्याचीच पूड पाडतं. तुम्हाला दिसते ती तांबडी भुकटी म्हणजे झिजलेली भिंत आहे. टाइल्स लावल्या तर ओल आणखी वर, खिडक्यांपर्यंत चढेल.

आधी पाणी कुठून येतं ते बघा. भोवतीचं अंगण पेव्हर घालून उंच झालंय का? पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडतं का? बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा सहा इंच तरी खाली हवी आणि उतार भिंतीपासून दूर. पायथ्याला सिमेंटचा पट्टा असेल तर तो फोडून खडी भरा. एवढं न करता गिलावा बदललात तर पैसे वाया जातील.

मग सिमेंट उतरवा, ओलीच्या रेषेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत. हातोडी आणि बारीक छिन्नी वापरा. ब्रेकर लावलात तर सिमेंटबरोबर चिऱ्याचा पृष्ठभागही निघेल. लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि ती पूड गोळा करून लांब टाका. पाण्याने धुतलात तर मीठ परत आत जिरतं. दरजांमधलं (दगडांच्या सांध्यांतलं) सिमेंटही इंचभर खोल काढा.

आता वाळू द्या. दोन फुटी भिंतीला महिने लागतात, म्हणून जानेवारीचा विचार सोडा. यंदा फेस्ताला खालचा भाग उघडा राहिला तरी काही बिघडत नाही. ऑक्टोबर अखेरीस उतरवलंत तर फेब्रुवारीत गिलाव्याला हात घालता येईल, आणि एप्रिलमध्ये सगळं आटोपायला हवं, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. पहिल्या जोराच्या पावसाआधी त्याला काही आठवडे मिळालेच पाहिजेत.

प्रमाण: एक भाग मुरलेला चुना, तीन भाग नदीची धारदार, चाळलेली वाळू. किनाऱ्यावरची वाळू चालणार नाही, तिच्यातूनही मीठ येतं. कळीचा चुना विरवताना चुना पाण्यात टाका, पाणी चुन्यावर ओतू नका, उसळून डोळ्यांत जातं. गॉगल आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना पिंपात, वर दोन इंच पाणी ठेवून, तीन महिने मुरू द्या. म्हणजे पिंप ऑक्टोबरातच भरायला हवं. नीट न विरलेले खडे राहिले तर ते पुढे भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला खड्डे पडतात.

भिंत दमट करून एक सेंटिमीटरचा थर द्या. दुसरा थर आठ-दहा दिवसांनी. मधल्या काळात ओलं गोणपाट लटकवा, कारण किनाऱ्यावरचा वारा थर झटक्यात सुकवतो आणि तडे जातात.

वेरें_वाट
उघड्या चिऱ्याबद्दल. बॉम जीझसची बांधणी 1594 साली सुरू झाली, 1605 साली अभिषेक झाला आणि ती गिलाव्यासकटच उभी होती. 1950 च्या दशकात गिलावा काढला गेला. दर्शनी भागातले स्तंभ आणि पट्टे वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचे, ते टणक. चिरा मात्र सच्छिद्र, पाऊस पितो आणि झिजतो, म्हणून गिलावा परत करावा अशी मागणी जाणकार करत आलेत. 1555 सालचं रेईश मागूश चर्च बघा, मांडवीच्या मुखाशी, समोरून खारा वारा, आणि पांढरंशुभ्र. ती सफेदी म्हणजे चिऱ्याचं पावसाळी कवच. तुमच्या पूर्वजांनी कपेल पांढरं ठेवलं ते विचार करूनच.

एक काम करा. वेदीच्या मागे किंवा घंटेच्या कोनाड्यात जुना गिलावा शिल्लक असेल. त्याचा अंगठ्याएवढा तुकडा काढून भिंगाखाली बघा. शिंपल्यांचे चुरे आणि चुन्याचे पांढरे कण दिसले तर मूळ चुना शिंपल्यांचा असू शकतो. वाळूचा रंग आणि जाडीही त्याच तुकड्याशी जुळवा.

किनारी_बार्देस
मनापासून आभार. मजबुतीसाठी चुन्यात थोडं सिमेंट घातलं तर? आणि वरच्या भिंतींचं काय करायचं?

चिराचुना
थोडंसुद्धा नको. सिमेंटमध्येही क्षार असतात, आणि थर कडक झाला की मऊ चिऱ्यापासून सुटतो. जास्त ओलीच्या पट्ट्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड घाला, कमी भाजलेल्या विटांची: एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू. तो ओलीतही धरतो.

वरच्या भिंतींवरचं इमल्शन खरवडून काढावंच लागेल, त्यावर सफेदी धरत नाही. चुन्याची सफेदी दुधासारखी पातळ करा आणि चार-पाच हात द्या, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. जाड हात दिला की पापुद्रे निघतात. सफेदीत मीठ टाकायची पद्धत आहे, इथे टाळा. दिव्यांच्या माळांचे लोखंडी खिळे काढा, गंजून फुगतात आणि चिरा फोडतात. पितळी हुक लावा, तेही दरजेत.

वेरें_वाट
खरवडताना वेदीचं लाकूडकाम सुती कापडाने झाका. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि सोनेरी मुलाम्याचे पापुद्रे सुटतात. कापड रोज संध्याकाळी काढून बाहेर झटका.