उजनीचं हिरवं पाणी आणि गव्हाचं डीएपी

वाफसा: उजनीचा फुगवटा उन्हाळ्यात शेवाळाने हिरवागार पडतो तो भीमाकाठच्या गव्हाला ओतलेल्या डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खतामुळे. डीएपीवर बंदी घाला, पाणी आपोआप निवळेल.

काळी_माती: असलं वाचून गप्प बसवत नाही. गव्हाला शिफारसच हेक्टरी ६० किलो स्फुरदाची (खताच्या हिशेबातलं P₂O₅) आहे. एकरी एक पोतं डीएपी म्हणजे २३ किलो स्फुरद, त्यात मूळ फॉस्फरस जेमतेम १० किलो. सामू (पीएच) ८ च्या वर असलेल्या चुनखडीच्या जमिनीत तो कॅल्शियमला धरला जातो. रब्बीत पाऊस नसतो, सारे, म्हणजे लांबट वाफे, बांधलेले असतात, पाणी शेताबाहेर पडतच नाही. उलट माणशी रोज दीड ग्रॅम धरला, तरी एक लाख वस्तीच्या मैलापाण्यातून वर्षाला सुमारे ५५ टन फॉस्फरस निघतो. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत काय येतं ते आधी मोजा.

नदीकाठ: मैलापाण्याचं मान्य. पण धरला गेला म्हणजे नाहीसा झाला का? तो मातीच्या कणाला चिकटून वरच्या थरात बसतो. मार्चमध्ये गहू निघाला की रान नांगरून उघडं पडतं आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत तीच माती ओढ्याला लागते. नमुना गाळून तपासला तर हा फॉस्फरस दिसणारच नाही; न गाळता, आम्लात पचवून एकूण फॉस्फरस काढावा लागतो. पुढे धरणाच्या तळाचा प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाला धरलेला फॉस्फरस पुन्हा सुटतो. लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास शेवाळ माजू लागतं. या हिशेबाने एक किलो फॉस्फरस सव्वातीन कोटी लिटरला पुरतो.

दोन_चाडी: दोघंही मुळाशी जात नाही. दोष डीएपीचा नाही, फेकण्याचा आहे. स्फुरद जागचा हलत नाही. फेकलं की वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्येच अडकतं, मुळांना मिळत नाही आणि धुपीला आयतं सापडतं. दोन चाड्यांच्या पाभरीने, म्हणजे बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने, ते बियाण्याच्या खाली पडायला हवं. पेरणीनंतर २१ दिवसांनी मुकुटमुळं (खोडाच्या बुडाची मुळं) फुटताना नत्राचा उरलेला हप्ता द्यायचा असतो, तिथेही लोक डीएपीच फेकतात. स्फुरद साठत गेलं की जस्ताची कमतरता दिसते, मग जस्ताची फवारणी. खर्चावर खर्च!

काळी_माती: पाभर आता कुठे राहिली? ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात दमट हवेने डीएपी ओलावतं, नळी चोंदते, अख्खी ओळ कोरडी जाते. म्हणून माणूस फेकतो. शेतकऱ्याला अडाणी ठरवू नका.

दोन_चाडी: अडाणी कोणी म्हटलं? पेटी रात्री रिकामी करा, दर दोन एकरांना नळ्या ठोकून बघा. पेरणीआधी यंत्र उचलून चाकाचे २० फेरे द्या आणि नळ्यांखाली पडलेलं खत तोला. चाकाचा घेर गुणिले २० गुणिले यंत्राची रुंदी एवढ्या जागेचं ते खत, त्यावरून एकरी मात्रा काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

निचरा: बांध घातला की सुटलो, असंही नाही. अमेरिकेत ईरी सरोवराकाठी मका, सोयाबीन, गव्हाच्या शेतांखाली निचऱ्याचे पाइप आहेत. विरघळलेला फॉस्फरस भेगांतून थेट पाइपात उतरतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, शेवाळाचं विष उतरलं होतं. सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड रानात आपणही पाइप टाकतोय, आणि भेगा काळ्या जमिनीइतक्या कुठे पडतात?

काळी_माती: बरं, जूनची माती मान्य. माती परीक्षणात स्फुरद भरपूर आलं तर मात्रा कमी करावी, हेही मान्य. बंदी मात्र मुळीच नाही. आणि शहराचं काय? साध्या मैलाशुद्धीकरणात फॉस्फरसचा मोठा भाग तसाच नदीत जातो. तो काढायला तुरटी किंवा फेरिक क्लोराइडची मात्रा द्यावी लागते, त्याचा खर्च कोण करणार?

वाफसा: बंदीचा शब्द मागे घेतो. पण ओढ्याकाठची दहा-पंधरा फूट पट्टी गवताला सोडायला तुम्ही तयार आहात का, तेवढं सांगा.

काळी_माती: ओढ्याकाठीच तर विहिरी आहेत, तिथलीच जमीन सगळ्यात चांगली. भरपाई ठरवा, मग बोलू.