विषय: हलकं प्लेट कॅरियर कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात दोन दिवसांच्या रायफल क्लासला नाव नोंदवलंय. प्रशिक्षक म्हणतात, असेल तर प्लेट कॅरियर, म्हणजे छाती-पाठीवर चिलखती प्लेट्स धरणारं जॅकेट, घालून या. नेटवर बघून डोकं गरगरलं. माझी पाठ धरते, त्यामुळे हलकंच हवं. दुकानात रात्रपाळीला आम्ही दोघंच असतो, तिथेही तेच चालेल का? ढोल पथकात यातले जाणकार आहेत असं कळलं, म्हणून इथेच विचारतोय.

– शुगरलँडकर

---

शुगरलँडकर,

आधी दुकानाचं बोलू. प्लेट कॅरियर घालून गल्ल्यावर उभा राहिलास तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल. तिथे धोका पिस्तुलाचा, आणि त्यासाठी शर्टाच्या आत घालायचं मऊ जॅकेट मिळतं. एनआयजे, म्हणजे चिलखताची मानकं ठरवणारी अमेरिकी सरकारी संस्था, तिच्या जुन्या मानकात त्याला लेव्हल थ्री-ए म्हणतात, 2023 च्या नव्या मानकात एचजी-2. रायफलची गोळी मात्र त्यातून आरपार जाते; तिला कडक प्लेटच हवी. दोन्ही गरजा एका खरेदीत भागवायला जाऊ नकोस.

आता क्लास. लोक आधी झकपक कॅरियर घेतात आणि उरल्यासुरल्या पैशांत प्लेट्स. तू उलट कर. नुसतं कॅरियर, उदाहरणार्थ क्राय कंपनीचं जेपीसी, दीड पौंडाच्या आतलं असतं. पाठ मोडते ती प्लेट्सनी.

स्टील स्वस्त पडतं म्हणून भुलू नकोस. एकेक प्लेट आठ पौंडांच्या घरात, शिवाय गोळी आपटून फुटली की तिचे तुकडे हनुवटीकडे आणि दंडाकडे उडतात. लेव्हल फोरचं सिरॅमिक .30-06 ची चिलखतभेदी गोळीही थांबवतं, पण तेही साधारण सात पौंड. पुढची-मागची मिळून चौदा! पॉलिइथिलीन या प्लास्टिकची, रायफलसाठीची लेव्हल थ्री प्लेट तीन-साडेतीन पौंडांत मिळते, पाण्यावर तरंगतेसुद्धा. तिची खोट अशी की हिरव्या टोकाच्या एम-855 गोळीत पोलादी अणी असते, आणि निव्वळ पॉलिइथिलीनचा तिच्यापुढे भरवसा नाही. नव्या मानकात रायफलसाठीच्या आरएफ-1 पातळीच्या वर आरएफ-2 आहे, त्यात ही गोळी धरलेली आहे. सिरॅमिकमागे पॉलिइथिलीन अशी मिश्र प्लेट हा मधला मार्ग. किंमत ऐकून डोळे पांढरे होतील. माझं मत विचारशील तर पाठ सांभाळायची असल्यास पॉलिइथिलीन घे, मर्यादा ओळखून. फक्त आपल्या ह्यूस्टनच्या उन्हात गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नकोस, उष्णतेनं खराब होते.

"एनआयजे दर्जाची" अशा जाहिरातीवर जाऊ नकोस. एनआयजेच्या साइटवर प्रमाणित मॉडेलांची यादी आहे, तीत नाव शोध. लेबलवर आयसीडब्ल्यू असेल तर ती प्लेट एकटी चालत नाही, मागे मऊ चिलखत लागतं.

मापाला शर्टाचा साइझ कामाचा नाही. दोन स्तनाग्रांमधलं अंतर ती प्लेटची रुंदी. पुढच्या प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळीशी आली पाहिजे. खळीत बोट ठेव, कड बोटाला टेकली की झालं. रेंजवर निम्मे लोक प्लेट बेंबीपर्यंत लोंबवतात. अरे, ती हृदय आणि फुफ्फुसं झाकायला आहे, पोट नाही! मागची पुढचीच्याच उंचीला ठेव. कंबरपट्टा छाती भरून श्वास घेऊन आवळ. ढोल सैल बांधला की चालताना मांडीवर आपटतो ना, तसंच हे; दोन उड्या मारून बघ.

वर काय लटकवायचं? तीन मॅगझिन आणि एक टूर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायची पट्टी), बस. भरलेलं तीस गोळ्यांचं मॅगझिन एक पौंडाचं असतं, त्यामुळे खिसे वाढवलेस की हलकेपणा गेलाच.

– केटीकर

---

केटीकरभाऊ, टूर्निके डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी काढता येईल अशी मध्यावर लावायला सांगा. इमर्जन्सीत रोज बघते, पाउचच्या तळाशी प्लास्टिकच्या वेष्टनासकट ठेवलेली असते. वेष्टन आधीच काढून ठेवा. आणि रक्तस्राव थांबवायला शिकवणारा स्टॉप द ब्लीडचा वर्ग करून घ्या, काही तासांचाच असतो.

– पेअरलँडची वहिनी

---

माझा भाचा न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत असतो, त्यालाही क्लासला जायचंय. इथून पार्सल पाठवलं तर चालेल?

– ताशावाला

---

ताशावाले, अजिबात नको. मे 2022 मध्ये बफेलोच्या सुपरमार्केटात गोळीबार झाला, तेव्हा निवृत्त पोलीस असलेल्या रक्षकाची गोळी मारेकऱ्याला लागली, पण चिलखतानं अडवली. त्यानंतर न्यूयॉर्कनं ठरावीक पेशांतल्या लोकांखेरीज इतरांना चिलखत विकणं-घेणं गुन्हा केलं. पहिल्या कायद्यातून कडक प्लेट्स सुटल्या होत्या, त्याही त्याच वर्षी आत घेतल्या. टेक्सासात तसा निर्बंध नाही. हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना मात्र केंद्रीय कायद्यानं सगळ्याच राज्यांत बंदी आहे.

– केटीकर

---

मंडळाची ही मेल-यादी कार्यक्रमांसाठी आहे याची नम्र आठवण. पाडव्याच्या जेवणाची नावं अजून अर्धीही आलेली नाहीत.

– सचिव

---

सचिवसाहेब, माझी चार पानं धरा. शुगरलँडकर, शनिवारी तालमीला माझं रिकामं कॅरियर आणतो. टी-शर्ट घालून ये, खळीपासून माप घेऊन टाकू. मगच प्लेट मागव.

– केटीकर