‘होलोदोमोर’ला मराठीत काय म्हणावे?

सोव्हिएत राजवटीतल्या युक्रेनमध्ये १९३२-३३ साली लाखो माणसे भुकेने मेली, त्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि पहिल्याच ओळीला अडले आहे. मूळ शब्द ‘होलोदोमोर’. सुरुवातीला ‘भीषण दुष्काळ’ असे लिहून पुढे गेले. मग धान्य शोधणाऱ्या सरकारी टोळ्यांचे वर्णन आले. घरात शिरून, चुलीपाशी आणि अंगणात लोखंडी सळया खुपसून दडवलेले मूठभर धान्यही ते उकरून नेत. तिथे ‘दुष्काळ’ हा शब्द मला खोटा वाटू लागला. ‘मानवनिर्मित दुष्काळ’ ठाऊक आहे, पण तो अहवालातला शब्द आहे, वाचताना पोटात काही तुटत नाही. एकच शब्द सुचवाल का? आणि लिहायचे कसे: होलोडोमोर, होलोदोमोर की गोलोदोमोर?

*

आधी लेखनाचे सांगतो. ‘होलोदोमोर’ लिहा. युक्रेनी भाषेतला ‘द’ आपल्या ‘दगड’मधल्यासारखा दंत्य आहे, ‘ड’ आपल्याकडे इंग्रजी वाचून आला. ‘ग’ रशियन भाषेतला. तेच अक्षर रशियनमध्ये ‘ग’ आणि युक्रेनीत ‘ह’ असे उच्चारतात, म्हणून भुकेला तिकडे ‘गोलोद’ आणि इकडे ‘होलोद’. आघात शेवटच्या ‘मोर’वर आहे. ‘होलोकॉस्ट’शी नाते जोडू नका. तो शब्द ग्रीक, अर्थ ‘संपूर्ण जाळलेले’. सुरुवातीची अक्षरे जुळतात, एवढेच.

*

अर्थाकडे वळू या, कारण तुमच्या अडचणीचे उत्तर मला व्युत्पत्तीतच दिसते.

‘होलोद’ म्हणजे भूक, आणि दुष्काळही. ‘मोर’ म्हणजे एकाच वेळी पुष्कळांना येणारे मरण, साथीसारखे. आपली ‘मरी’ आणि ‘महामारी’ याच कुळातल्या. स्लाव्ह भाषांतला ‘मोर’ आणि संस्कृतातला ‘मृ’ धातू एकाच मुळाचे. युक्रेनीत ‘मोरिती’ असे क्रियापद आहे आणि ते प्रयोजक आहे, म्हणजे संस्कृत ‘मारयति’, मराठी ‘मारणे’. ‘मोरिती होलोदोम’ म्हणजे भुकेने मारणे. युक्रेनी माणसाच्या कानाला ‘होलोदोमोर’मध्ये हा वाक्प्रचारही ऐकू येतो. आपल्या लिपीत ‘मरणे’ आणि ‘मारणे’ यांत एका कान्याचा फरक आहे. त्या दोन वर्षांवरचा सगळा वाद त्या कान्याचा आहे.

आता आपले शब्द पाहा. ‘दुष्काळ’ म्हणजे वाईट काळ, दोष काळाला. ‘अवर्षण’ म्हणजे पाऊस नाही, दोष आभाळाला. ‘दुर्भिक्ष’ म्हणजे भिक्षाही मिळणे कठीण; इथेही कर्ता नाही. या शब्दांत हात कोणाचाच दिसत नाही. युक्रेनमध्ये मात्र हात होता, आणि त्याच्या सह्यांचे कागद उपलब्ध आहेत.

१९२९ च्या अखेरीस स्टालिनने ‘कुलाक’ वर्ग नाहीसा करण्याची घोषणा केली. (‘कुलाक’चा मूळ अर्थ ‘मूठ’, नावाला बडा शेतकरी, प्रत्यक्षात दोन गायी आणि थोडे अवजार असलेलाही त्यात सापडला.) जमिनी, जनावरे सामुदायिक शेतीत ओढली, विरोध करणाऱ्यांना सैबेरियाकडे पाठवले. सरकारी धान्यवसुलीचे आकडे मात्र शेतकऱ्याच्या खळ्यावर काय उरते ते न पाहता ठरत राहिले. ७ ऑगस्ट १९३२ चा कायदा आला: सामुदायिक शेतातले धान्य उचलले तर गोळी घालून मृत्युदंड, सौम्य कारण असेल तर दहा वर्षे कैद. लोकांनी त्याला नाव दिले ‘पाच कणसांचा कायदा’. आपल्याकडे कापणी झाली की शेतात सरवा वेचतात. पाच कणसे म्हणजे तेवढेच, सरवा. कुणाची आई ती वेचत असेल, कुणाचे पोर.

नोव्हेंबरमध्ये वसुली न भरणाऱ्या गावांना आणखी दंड लागला, धान्य नाही तर मांस, बटाटे. २२ जानेवारी १९३३ ला स्टालिन आणि त्याचा पंतप्रधान मोलोतोव्ह यांच्या सहीने हुकूम निघाला की युक्रेन आणि दक्षिण रशियातल्या कुबान भागामधल्या शेतकऱ्यांना बाहेर जाऊ देऊ नये. लगोलग त्यांना रेल्वेची तिकिटे विकणेही बंद झाले. पुढच्या काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक माणसे वाटेत अडवली आणि बहुतेकांना परत गावी धाडले. दुष्काळात माणूस गाव सोडतो, जगायला बाहेर पडतो. इथे ती वाटही बंद. आणि त्याच काळात धान्याची निर्यात चालू होती, १९३२ मध्ये पंधरा लाख टनांच्या वर.

आज लोकसंख्याशास्त्रज्ञ एकट्या युक्रेनमधले मृत्यू साधारण ३५ ते ३९ लाख धरतात.

म्हणून माझी सूचना: ‘उपासमार’. रचना बघा. उपास अधिक मार. होलोद अधिक मोर. घटकाला घटक जुळतो, आणि हा शब्द घडवावा लागत नाही, घरात आहे. वापरून वापरून तो गुळगुळीत झाला हे खरे. ‘प्रवासात उपासमार झाली’ असे आपण सहज म्हणतो. पण त्यातला ‘मार’ अजून जिवंत आहे. ‘उपासमार झाली’ ऐवजी ‘उपासमार केली’ लिहा, की तो दिसू लागतो.

*

मूळ प्रश्न माझा नाही. सूचना आवडली, तरी एक हरकत नोंदवते. १९३२ चे पीक खरोखरच कमी आले होते. हवामान, पिकावरचे रोग, जनावरे मेल्यामुळे न झालेली नांगरट, हे सगळे होते. मृत्यूही एका प्रांतापुरते नव्हते. कझाखस्तानात जवळपास पंधरा लाख गेले, कझाख लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त. भटक्या पशुपालकांची गुरे हिसकावून त्यांना एका जागी बसवण्याचा तो परिणाम. त्यांचा शब्द ‘अशरशिलिक’, साधा अर्थ भूक, उपासमार. त्यात ‘मोर’ नाही. मग शब्दातच निकाल देऊन टाकावा का? वंशसंहार होता की नाही यावर इतिहासकारांत अजून एकमत नाही. युक्रेनने २००६ मध्ये कायद्याने तसे म्हटले, जर्मनीच्या संसदेने २०२२ मध्ये. रशिया ते मानत नाही.

*

तुमचे दोन्ही मुद्दे मान्य, आणि कझाखांची आठवण काढलीत हे बरे झाले, त्यांच्या वाट्याला तेवढी वाक्येही येत नाहीत. पण वंशसंहार म्हणायचे की नाही हा हेतूचा प्रश्न आहे. ‘मार’ म्हणण्यासाठी तेवढे सिद्ध करावे लागत नाही. पीक कमी आले हे ‘कमी’चे कारण झाले. होते तेही घरातून काढून नेले आणि दाराला कडी लावली, हे मरणाचे कारण.

शिवाय सौम्य शब्दाला इथे स्वतःचा इतिहास आहे. सोव्हिएत भाषेत याला ‘अन्नविषयक अडचणी’ म्हणत. मार्च १९३३ मध्ये वेल्समधला तरुण पत्रकार गॅरेथ जोन्स खेड्यांतून पायी हिंडला आणि बर्लिनला येऊन त्याने जे पाहिले ते जगाला सांगितले. दोनच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सचा मॉस्कोतला बातमीदार वॉल्टर ड्युरांटी याने लिहिले की रशियन लोक भुकेले आहेत, पण उपाशी मरत नाहीत. मृत्यू आहेत ते कुपोषणातून आलेल्या रोगांचे. एका शब्दाऐवजी दुसरा ठेवला आणि लाखो मेलेली माणसे बातमीतून गेली. १९३७ च्या जनगणनेत ती माणसे कमी भरली, तेव्हा सरकारने जनगणनाच रद्द केली आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक केली. सोव्हिएत युक्रेनमध्ये ‘होलोदोमोर’ हा शब्द छापून यायला १९८८ उजाडावे लागले. आपण मराठीत लिहिताना ‘दुष्काळ’ लिहिला तर नकळत त्याच पंक्तीत बसतो, असे मला मनापासून वाटते.

*

दोघांचेही आभार. असे ठरवले आहे: शीर्षकात आणि विशेषनाम म्हणून ‘होलोदोमोर’, लेखात ‘उपासमार’, आणि क्रियापद जमेल तिथे कर्तरी. ‘लाखो शेतकरी भुकेने मृत्युमुखी पडले’ हे वाक्य खोडून ‘सरकारने लाखो शेतकऱ्यांना उपाशी मारले’ असे केले. सक्तीच्या धान्यवसुलीला ‘लेव्ही’ वापरते आहे, जुन्या शेतकऱ्यांना तो शब्द अजून आठवतो.

शेवटची अडचण. वसुलीत मागे पडलेल्या गावांची नावे ‘चोर्नी दोश्की’वर लावत. शब्दशः काळे फळे. गाव त्यावर चढले की दुकानातला सगळा माल उचलून नेत, नवा येऊ देत नसत; मीठ, रॉकेल, काडेपेटीसुद्धा नाही. ‘काळा फळा’ म्हटले की मराठी वाचक शाळेत जाऊन बसतो. ‘काळी यादी’ फार कचेरीतली वाटते.

*

‘वाळीत टाकणे’ घ्या. आपल्याकडे गाव माणसाला वाळीत टाकते. इथे सरकारने गावेच्या गावे वाळीत टाकली. वाचकाला मीठ आणि रॉकेल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.