डिसेंबरात आईसोबत नवेगावबांध: तीन दिवस कसे आखावे?

वर्धेकर:
डिसेंबरच्या शेवटी आईला गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या तलावावर न्यायचं ठरतंय. वय ६८, गुडघे दुखतात, पण पाखरांचं वेड जबर. मागच्या खेपेला मी एकटा गेलो, भर दुपारी पोचलो आणि पाण्यावरचे दूरचे काळे ठिपके बघून परतलो. तिच्या वाट्याला तसं यायला नको. काय काय बघावं?

अर्जुनीचा गडी:
भाऊ, जंगल सफारी राहू द्या, जिप्सीचे हादरे काकूंना सोसायचे नाहीत. गावातच मुक्काम करा. घडीची खुर्ची, दुर्बीण अन् शाल घेऊन उजाडायच्या आत तलावावर जा. धुकं असते तोवर नुसता आवाज येते. मग धुकं फाटते अन् चक्रवाक बदकाचा नारिंगी रंग आधी दिसते. दहानंतर ऊन चढलं की पाखरं मधोमध सरकतात, तुम्हाला ठिपके दिसले ते त्याच्यामुळेच.

अन् काकूंना कोलू पाटील कोहळीची गोष्ट नक्की सांगा. अठराव्या शतकात त्यानं डोंगरांच्या मधात पाळ घालून हा तलाव बांधला, धानाला पाणी मिळावं म्हणून. लोक त्याला कोलासुर देव म्हणून पुजतात. भोवतालच्या टेकड्या म्हणजे सात बहिणी, त्यांनी बांधकामाला हात लावला असं आमच्याकडं सांगतात. मला तर पाखरांइतकंच हेही मोलाचं वाटते.

साकोलीची लेक:
दुसरा दिवस इटियाडोह धरणाला ठेवा. वाटेत गोठणगावची तिबेटी वसाहत लागते, जवळच प्रतापगड आहे (साताऱ्याचा नव्हे, इकडचा). पण गडाखालूनच बघा, चढू नका. वाटेतल्या गावांत छोट्या बोड्या, म्हणजे लहान तळी, दिसतील तिथं थांबा. ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या बाया उकडलेले सिंगाडे विकत असल्या तर घ्याच. साल काळी पडलेली असते, आतला गर पांढरा, कोमट, किंचित गोड. माझी आजी चुलीच्या राखेत भाजून द्यायची, ती चव अजून जिभेवर आहे.

आणखी एक. तेव्हा झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम असतो. जवळच्या गावात प्रयोग असेल तर पहिला अंक तरी बघा. नाटक रात्रभर चालतं, थंडी कडक असते, ब्लँकेट न्या.

वर्धेकर:
ताई, दादा, आभार. नाटकाचं ऐकून आईनं आत्ताच ब्लँकेट काढून ठेवलं. रस्ता नागपूरहून कसा?

अर्जुनीचा गडी:
साकोलीवरून कोहमारा, तिथून उजवीकडं. रेल्वेनं आले तर गोंदिया–बल्लारशा लाइनवर देवलगाव जवळ पडते. काकूंसाठी गाडीच बरी.