संस्थेचे नवे कार्यालय खऱ्या अर्थाने सुगम व्हावे, यासाठी ताबा घेण्यापूर्वी काय पाहावे?

प्रश्न : विश्वस्त, सातारा

नमस्कार. मणक्याला इजा झालेल्या व्यक्तींसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेचा मी विश्वस्त आहे. गेली अकरा वर्षे आमचे कार्यालय पहिल्या मजल्यावर भाड्याने आहे. तिथे लिफ्ट नसल्याने, ज्यांच्यासाठी संस्था उभी राहिली त्यांनाच खुर्चीसकट चौघांनी उचलून वर आणावे लागते, आणि त्या संकोचापायी काही सभासदांनी येणेच सोडले. आता देणग्यांतून एका नव्या इमारतीत तळमजल्याचा गाळा घेतला आहे. गिलावा अजून व्हायचा आहे. रॅम्प आहे, वेगळे शौचालय आहे, सगळे नियमात आहे, असे बिल्डर सांगतात. जोते ४५ सेंटिमीटर उंच आहे आणि दारासमोर रॅम्पसाठी जेमतेम अडीच मीटर जागा आहे. आम्ही नेमके कशासाठी अडून बसावे?

उत्तर : वास्तुविशारद, पुणे

सर्वांत आधी रॅम्पसाठी. उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नसावे, म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांबी हवी, आणि शिवाय वर व खाली खुर्ची वळेल इतकी, दीड मीटरची सपाट जागा. अडीच मीटरांत केलेला रॅम्प ही घसरगुंडी होईल. तो दारासमोर सरळ न उतरवता भिंतीला समांतर न्यावा. शेजारच्या गाळ्यापुढील जागा त्यात जात असेल, तर बिल्डरची संमती आत्ताच लेखी घ्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. शिवाय राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले की, ही मानके केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत. हे बिल्डरला सौम्य शब्दांत पण लिहून कळवा. आणखी एक : शौचालयाची भिंत हलक्या ब्लॉकची असेल, तर आधारदांड्या बसतील तेवढा भाग गिलाव्याआधी काँक्रीटने भरून घ्या, कारण त्या दांडीवर माणसाचा सगळा भार येतो.

उत्तर : व्हीलचेअर वापरणारी, नाशिक

नकाशावर बरोबर दिसणारे शौचालय वापरताना कसे फसते, हे मी अनुभवले आहे. एका कार्यालयात दार आतल्या बाजूला उघडत होते. खुर्ची आत गेल्यावर ते लावताच येईना, म्हणून मैत्रीण बाहेर ओढणी धरून उभी राहिली. कमोडच्या शेजारी, जिथून खुर्चीवरून सरकायचे, तिथेच वॉश बेसिन बसवले होते. त्या दिवशी मी घरी पोहोचेपर्यंत पाणी प्यायले नाही. कृपा करून फरशी बसण्याआधी खडूने कमोड, बेसिन आणि दार आखा आणि निरनिराळ्या मापांच्या खुर्च्या वापरणाऱ्या चार-पाच सभासदांना तिथे वळून पाहू द्या. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे, आणि त्याची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी.

उत्तर : दृष्टिहीन शिक्षक, मुंबई

वरील सूचना मोलाच्या आहेत, परंतु दारापर्यंत माणूस कसा येणार, हा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील बर्कले येथे २०१० मध्ये उघडलेले एड रॉबर्ट्स कॅम्पस हे अनेक अपंग संस्थांचे सामायिक कार्यालय मुद्दाम अ‍ॅशबी रेल्वे स्थानकालगत उभारले गेले. त्यातला लाल वर्तुळाकार रॅम्प इमारतीच्या मध्यभागी आहे, कोपऱ्यात लपवलेला नाही. चालणारे आणि खुर्चीवरचे एकाच वाटेने वर जातात. आपल्याकडे एवढे नसले, तरी बसथांब्यापासून पायरीपर्यंतचा रस्ता एकदा काठी घेऊन चालून पाहा. चकचकीत फरशी टाळा, आणि दाराच्या चौकटीचा रंग भिंतीहून वेगळा ठेवा, कारण अंधुक दिसणाऱ्यांना तेवढाही आधार पुरतो.

विश्वस्त, सातारा

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. रविवारी सहा सभासदांसह गाळ्यात जाऊन खडूने आखणी केली. बेसिन समोरच्या भिंतीवर हलवावे लागेल, असे दिसले. रॅम्प समांतर नेण्यास बिल्डर तयार आहेत, परंतु लेखी संमती अद्याप आलेली नाही. ती हाती येईपर्यंत पुढचा हप्ता देणार नाही, असे विश्वस्तांनी एकमताने ठरवले आहे. बसथांब्यासमोर मात्र एक उघडे गटार आहे आणि त्यासाठी नगरपालिकेला अर्ज दिला आहे.