बुजलेला सार्वजनिक जिना शोधायचा कसा?

प्रश्न: जुन्या नकाशात उतारावरच्या दोन रस्त्यांना जोडणारा जिना स्पष्ट दिसतो. जागेवर मात्र नुसतं रान. सुरुवात कुठून करू?

उत्तर: पानगळ झाल्यावर जा. पायऱ्यांआधी कठड्याचा लोखंडी पाइप शोधा. काँक्रीट मातीखाली जातं, पाइप वर डोकावतो. वरच्या रस्त्यावर दोन घरांमध्ये विनाकारण मोकळी पट्टी दिसली, तर मी तिथेच खाली वाकून बघतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात तर असे कित्येक जिने कागदोपत्री चक्क रस्ते आहेत, नावासकट!

प्रश्नकर्ता: पट्टी सापडली! पण शेजाऱ्याने कुंपण घातलंय.

उत्तर: मग आधी पालिकेत हद्दीचा नकाशा पाहा. जिना मोडला तरी जागा सार्वजनिकच असू शकते. नसेल तर विचारूनच शिरा. आणि खालून पोकळ झालेल्या पायरीवर भार टाकू नका.