वर्षभराच्या नियंत्रणाची आकडेवारी जाहीर करायची आहे: नेमके काय मोजावे?

तिसरा_नियम

नमस्कार. व्हिडिओ गेमविषयी चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळाच्या सहा मॉडरेटरांपैकी (पोस्टींवर नियंत्रण ठेवणाऱ्यांपैकी) मी एक आहे. आम्ही सगळे बिनपगारी आहोत आणि हे काम आपापली नोकरी सांभाळून करतो. वर्षभरात किती पोस्टी काढल्या, किती आयडी बंद केले, किती तक्रारी आल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, याचा हिशेब सदस्यांपुढे मांडावा असे यंदा पहिल्यांदाच ठरले आणि ते काम माझ्या वाट्याला आले. कारवाईचा लॉग उतरवून घेतला तेव्हा एका संध्याकाळीत हे आटोपेल असे वाटले होते. आता तिसरा आठवडा चालू आहे.

लॉगमध्ये प्रत्येक कारवाईची एक ओळ असते: तारीख, सदस्य, कारवाई, नियमाचा क्रमांक आणि शेरा. अडचण जवळपास प्रत्येक रकान्यात आहे. एका रात्री जाहिरातींचा बॉट (आपोआप पोस्टी टाकणारा प्रोग्रॅम) शिरला होता. त्याच्या एकाच आयडीवरून आलेली प्रत्येक पोस्ट काढल्याची स्वतंत्र ओळ झाल्यामुळे ती एक रात्र आमच्या कित्येक महिन्यांवर भारी पडते. नियम आम्ही जुलैमध्ये नव्याने लिहिले आणि नऊचे सहा केले, त्यामुळे जानेवारीतला ‘नियम ४’ म्हणजे स्पॉयलर (गेमची कथा आधीच फोडणे), तर सप्टेंबरमधला ‘नियम ४’ म्हणजे चीटची (गेममध्ये फसवून जिंकण्याच्या साधनांची) जाहिरात. शेऱ्यांबद्दल तर न बोललेले बरे. ‘नेहमीचेच’, ‘पुन्हा तोच’, ‘बघा कोणीतरी’ असे शेरे आहेत आणि त्यांतले निम्मे माझेच आहेत.

एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की काढलेल्या पोस्टी आणि बंद केलेले आयडी असे दोन आकडे देऊन मोकळे व्हावे. दुसऱ्याला कोणत्या मॉडरेटरने किती कारवाया केल्या तेही द्यायचे आहे. तिसऱ्याच्या मते हे सगळे म्हणजे हाताने भांडण ओढवून घेणे आहे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे: कोणते आकडे द्यावेत, कोणते देऊ नयेत, आणि दिलेले आकडे वाचणाऱ्याची दिशाभूल करणार नाहीत यासाठी काय करावे?

आकडेमोड

सर्वप्रथम मोजण्याचे एकक ठरवा. काढलेली पोस्ट, घडलेला प्रसंग आणि कारवाई झालेली व्यक्ती ही तीन वेगवेगळी एकके आहेत आणि तुमचा लॉग फक्त पहिले मोजतो. बॉटच्या रात्रीचा गोंधळ त्यातूनच झाला आहे: पोस्टी हजारो असतील, पण प्रसंग एक आणि आयडीही एक. माझ्या मते मुख्य तक्ता प्रसंगांचा असावा आणि स्पॅमला त्यात जागाच देऊ नये. त्याचा हिशेब खाली वेगळ्या ओळीत द्यावा. स्पॅम काढणे ही झाडलोट आहे. सदस्यांना उत्सुकता असते ती माणसांच्या वागण्याविषयी आणि तुमच्या न्यायाविषयी.

दुसरी गोष्ट छेदाची. काढलेल्या पोस्टींचा नुसता आकडा कशाचाच बोध करत नाही. त्या वर्षी एकूण पोस्टी किती आल्या आणि लिहिते सदस्य किती होते, हे शेजारी हवे, म्हणजे दर हजार पोस्टींमागे किती असा दर काढता येतो. मोठा गेम बाजारात आला की महिनाभर वर्दळ वाढते, नवे सदस्य येतात, स्पॉयलरच्या तक्रारी वाढतात. नुसत्या आकड्यावरून त्या महिन्यात सदस्य बिघडले असे वाटेल, दर पाहिल्यावर कदाचित काहीच बदलले नव्हते असे दिसेल.

तिसरी गोष्ट वेळेची. तक्रार निकालात काढायला किती वेळ लागला हे द्याच, पण सरासरी न देता मध्यक द्या, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. समजा दहा तक्रारींपैकी नऊ प्रत्येकी २० मिनिटांत मिटल्या आणि एक तीन दिवस लोंबकळत राहिली. सरासरी येते साडेसात तास, जी त्या दहापैकी एकाही तक्रारदाराच्या अनुभवाशी जुळत नाही. मध्यक येतो २० मिनिटे. मात्र मध्यकाच्या आड ती तीन दिवसांची तक्रार लपते, म्हणून सर्वांत जास्त वेळ लागलेल्या तक्रारींविषयी एक वाक्य लिहावे. तेवढे कष्ट घ्यायला हरकत नाही.

जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर असे दोन तक्ते करा. जुने नऊ नियम नव्या सहांत बसवण्याचा खटाटोप करू नका. कोणीतरी ‘तो प्रसंग यात का धरला’ असे विचारणारच आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

अहवाल_वाचक

मोठ्या कंपन्यांचे अहवाल डोळ्यांखालून घालावेत, आकाराने तुमची त्यांची तुलना नसली तरी. एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग सेवेने आपला पहिला पारदर्शकता अहवाल नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. तो जानेवारी ते जून २०२२ या सहा महिन्यांचा होता. खेळाडूंकडून आलेल्या तक्रारी ३ कोटी ३० लाखांहून अधिक होत्या. कोणी तक्रार करण्याआधीच कंपनीने स्वतःहून केलेल्या कारवाया सुमारे ४८ लाख होत्या आणि त्यांतल्या सुमारे ४३ लाख निव्वळ बनावट खात्यांविरुद्ध होत्या. म्हणजे ‘स्वतःहून केलेली कारवाई’ हा भला मोठा आकडा मुख्यतः बॉटांचा आहे. शिवीगाळ, छळ वगैरे त्याच्या उरलेल्या कोपऱ्यात. त्यांनी ती फोड दिली म्हणून हे कळते. तुम्ही ती दिली नाहीत, तर तुमची एक रात्र तुमचे अख्खे वर्ष ठरेल.

काय द्यावे याचा सांगाडाही तयार आहे. सांता क्लारा तत्त्वे, म्हणजे ऑनलाइन नियंत्रण पारदर्शक कसे ठेवावे याची मार्गदर्शक सूत्रे, २०१८ मध्ये मांडली गेली आणि २०२१ मध्ये सुधारली गेली. त्यांच्या मूळ रूपात तीनच गोष्टी होत्या: आकडे जाहीर करा, ज्याच्यावर कारवाई झाली त्याला कारण कळवा आणि त्याला दाद मागण्याची सोय द्या. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू आहे आणि त्याचे १५ वे कलम वर्षातून किमान एकदा अहवाल मागते. तक्रारी प्रकारानुसार, स्वतःहून केलेल्या कारवाया वेगळ्या, निर्णयांविरुद्ध आलेल्या हरकती, त्यांवरच्या निकालाला लागलेल्या वेळेचा मध्यक (आकडेमोड यांना बरे वाटेल) आणि फिरवलेल्या निर्णयांची संख्या, हे सगळे त्यात येते. लहान उद्योगांना या कलमातून सूट आहे, तेव्हा सहा जणांच्या मंडळींनी धास्ती घेण्याचे कारण नाही. यादी मात्र बिनधास्त उचलावी.

मला विचाराल तर या यादीतला सर्वांत मोलाचा आकडा शेवटचा आहे. किती निर्णय फिरवले? बाकीचे आकडे सदस्य कसे वागले ते सांगतात, निदान सांगण्याचा आव आणतात. हा एकटा आकडा तुम्ही कसे वागलात ते सांगतो.

जुना_झाडूवाला

मी अशाच एका गेमिंग मंडळावर काही वर्षे मॉडरेटर होतो, म्हणून थोडे थंड पाणी ओततो. मॉडरेटरनिहाय तक्ता देऊ नका. आम्ही दिला होता. पुढच्याच तिमाहीत आमच्यातला सर्वांत समंजस माणूस, जो तक्त्यात तळाशी होता, किरकोळ कारणांवरून पोस्टी उडवू लागला. ‘मी काहीच करत नाही असे दिसते ना,’ असे त्याने मला खासगीत सांगितले. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात दाखवले होते की नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर भार टाकला की त्या आकड्यातली संगती ढासळू लागते. आमच्याकडे भार टाकून तीन महिनेही झाले नव्हते.

तक्रारींच्या संख्येवरही विसंबू नका. एका कन्सोलचे चाहते दुसऱ्या कन्सोलच्या चाहत्यांविरुद्ध तक्रारीचे बटण शस्त्रासारखे वापरतात. एकाच पोस्टीवर पंचवीस तक्रारी आल्या तर त्या पंचवीस मोजायच्या की एक? आणि ‘कारवाई न करता बंद’ या रकान्यात तीन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र पडतात: तक्रार खोडसाळ होती, तक्रार प्रामाणिक पण नियमात न बसणारी होती, किंवा आपल्याला वेळ झाला नाही आणि धागा (त्या विषयावरची चर्चा) थंडावला. तिसरी गोष्ट लपवण्याचा मोह फार होतो, हे अनुभवाने सांगतो.

पण माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. चांगल्या नियंत्रणाची लॉगमध्ये ओळच उमटत नाही. एकदा एका सदस्याने एका अवघड बॉसला (गेममधल्या बलाढ्य शत्रूला) हरवण्याची युक्ती विचारली होती. चौथ्या प्रतिसादात कोणीतरी ‘इतके जमत नसेल तर गेम विकून टाक’ असे लिहिले आणि धागाकर्ता चिडून काही टाइप करतो आहे, असे खाली दिसत होते. मी चौथ्या प्रतिसादवाल्याला खासगी निरोप पाठवला की युक्ती तुम्हाला ठाऊक आहे, तर ती लिहा आणि ते वाक्य काढून टाका. दोन मिनिटांत त्याने प्रतिसाद बदलला, ढाल कधी उचलायची आणि कधी बाजूला लोळायचे ते सविस्तर लिहिले, आणि धागा पुढे तीन पाने चालला. तक्रार शून्य, कारवाई शून्य. तुमच्या अहवालात ती संध्याकाळ कुठे बसते?

आकडेमोड

झाडूवाले, खासगी निरोपांचीही मोजणी करता येते. मजकूर न देता ‘अनौपचारिक सूचना’ असा एक रकाना ठेवावा आणि मॉडरेटरने निरोप पाठवल्यावर तिथे एक खूण करावी. खुणा करायला लोक विसरतील हे मान्य, म्हणून त्या आकड्याला ‘किमान’ म्हणावे. मॉडरेटरनिहाय तक्त्याबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत.

फेरतपास

निर्णय फिरवल्याचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तो फक्त दाद मागणाऱ्यांपुरता असतो. ज्याचा आयडी उडाला तो बहुधा दाद मागत नाही. तो नवा डुआयडी (दुसऱ्या नावाचा आयडी) काढतो किंवा कायमचा निघून जातो. म्हणून एक प्रयोग सुचवतो. वर्षातल्या तक्रारींमधून शंभर तक्रारी चिठ्ठ्या टाकून निवडा, त्यांवरचा मूळ निर्णय आणि सदस्याचे नाव झाका आणि दोन मॉडरेटरांना एकमेकांशी न बोलता त्या पुन्हा तपासायला द्या.

निकाल वाचताना सावध राहावे लागते. समजा दोघांनीही शंभरपैकी ८० तक्रारी ग्राह्य धरल्या आणि ८० तक्रारींवर त्यांचे एकमत झाले. ऐकायला उत्तम वाटते. पण दोघांनी डोळे मिटून, फक्त हेच प्रमाण राखून निर्णय दिले असते तरी सुमारे ६८ तक्रारींवर ते जुळले असते: दोघेही ‘हो’ म्हणतील अशा ६४ आणि दोघेही ‘नाही’ म्हणतील अशा ४. म्हणजे योगायोगापलीकडे मिळवण्याजोगे गुण ३२ आणि त्यांनी मिळवले १२, म्हणजे ०.३७५. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा गुणांक तो हाच. इतका कमी आला तर सदस्यांना दोष देण्याआधी नियमांची भाषा पुन्हा वाचून पाहावी.

निर्णयांवर निर्णय ही कल्पना नवी नाही. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने १९९९ मध्येच सदस्यांनी केलेल्या नियंत्रणाचा निवाडा इतर सदस्यांकडून करून घेण्याची पद्धत आणली होती. रायट गेम्सने आपल्या ‘लीग ऑफ लेजंड्स’ या गेमसाठी २०११ मध्ये ट्रायब्युनल सुरू केले, त्यात तक्रार झालेल्या खेळाडूचे चॅट इतर खेळाडू वाचून शिक्षा की माफी ते ठरवत, २०१४ मध्ये ते बंद पडले. सहा जणांना एवढा पसारा झेपणार नाही. शंभर तक्रारी दोन रविवारांत होतात.

तिसरा_नियम

सर्वांचे आभार. सहकाऱ्यांशी बोलून असे ठरले आहे: दोन सहामाह्यांचे स्वतंत्र तक्ते, प्रसंग हे एकक, स्पॅम वेगळे, दर हजार पोस्टींमागचा दर, निकालाच्या वेळेचा मध्यक, दाद मागितलेले आणि फिरवलेले निर्णय, आणि ‘वेळ झाला नाही’ हा स्वतंत्र रकाना. त्यावरून वाद झाला, पण तो राहिला. मॉडरेटरनिहाय तक्ता नाही. एक शंका उरली आहे: एका नियमाखाली वर्षभरात दोनच आयडी बंद झाले आहेत. नावे दिली नाहीत तरी ते दोघे कोण हे नेहमीच्या सदस्यांना लगेच कळेल.

आकडेमोड

पाचांपेक्षा लहान आकडा असेल तर तो नियम शेजारच्या नियमात मिसळून ‘इतर’ करा. मात्र एकूण बेरीज देत असाल तर वजाबाकी करून तो आकडा बाहेर काढता येत नाही ना, हे तपासा. बरेच जण नेमके हेच विसरतात.

तिसरा_नियम

हे लक्षात आले नसते. तसेच करतो.

फेरतपास यांच्या सूचनेवरून काल रात्री तक्रारींच्या चिठ्ठ्या काढल्या. सोळाव्या चिठ्ठीवर ऑक्टोबरमधला तीस दिवसांचा बॅन निघाला आणि कारण म्हणून ‘नियम ८’ लिहिले होते. जुलैनंतर आमच्याकडे आठवा नियमच नाही. मूळ निर्णय झाकायचे ठरले होते, पण हा उघडून पाहावाच लागला. शेरा ‘नेहमीचेच’ आणि मॉडरेटर मी. त्या सदस्याने तेव्हा दाद मागितली होती आणि त्या निरोपाला कोणीही उत्तर दिलेले नव्हते. आज सकाळी त्याला लिहिले आहे. फिरवलेल्या निर्णयांच्या रकान्यात काल रात्रीपर्यंत शून्य होते, ते आता एक झाले आहे. अजून चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या बाकी आहेत आणि त्या मी सोडून बाकीचे तपासतील.